सम्राट अकबर : तलवारीपासून अमारीपर्यंत

जगद्गुरू आचार्य श्री हीरविजयसूरीश्वरजी महाराज आणि मोगल सम्राट अकबर यांच्या भेटीचे निमित्त घेऊन सम्राटाचे चरित्र थोडक्यात लिहावे, असे स्मरणिका समितीने मला सुचविले. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी, शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहास हा माझा विषय नव्हे, केवळ आवडीचा भाग आहे. तरीही हे काम मी आनंदाने स्वीकारले.

मात्र बैठकीतच एका ज्येष्ठ सदस्यांनी शंका उपस्थित केली. आपण राहतो तो चांदा-गडचिरोलीचा मुलूख गोंड राजांचा. ज्या बादशहाच्या फौजेशी लढताना गोंडवनाची राणी दुर्गावती धारातीर्थी पडली, ज्याच्या हुकमाने चितोडला हजारो निःशस्त्र लोक मारले गेले, त्याचा गौरव अहिंसा हा परमधर्म मानणाऱ्यांच्या स्मरणिकेत कसा शोभावा, असा त्यांचा सवाल होता. त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे काही महिने जमेल तसे वाचन केले. व्यापाऱ्याच्या सवयीने खतावणीची दोन पाने समोर ठेवली, एक जमेचे आणि एक नावेचे. त्या खतावणीचा हा गोषवारा आहे.

निर्वासिताचा पुत्र

अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधील अमरकोट येथे झाला. त्या वेळी त्याचे वडील हुमायून हे नावापुरतेच बादशहा होते. १५३९ साली चौसा आणि १५४० साली कनौज येथे शेरशहा सुरीने त्यांचा पराभव केला होता आणि राज्य गमावून ते वाळवंटातून आश्रय शोधत भटकत होते. अशा वेळी अमरकोटच्या राजपूत राण्याने त्यांना आसरा दिला. म्हणजे पुढे हिंदुस्थानचा सम्राट झालेल्या या बालकाने पहिला श्वास घेतला तो एका हिंदू राजाच्या छत्राखाली. आई हमीदाबानू बेगम आणि वडील इराणच्या आश्रयाला गेले तेव्हा हे मूल काकांच्या ताब्यात कंदाहार आणि काबूल येथे वाढले.

घोडेस्वारी, शिकार, तिरंदाजी यांत रमणाऱ्या या मुलाला अक्षरओळख मात्र कधीच झाली नाही. शिक्षक बदलले, पण लेखन-वाचन त्याच्या अंगवळणी पडले नाही. तरीही मोठेपणी तो दररोज ग्रंथ वाचून घेत असे. त्याच्या मृत्यूसमयी राजवाड्यातील ग्रंथालयात सुमारे २४,००० ग्रंथ होते. महाभारत आणि रामायण यांची फारसी भाषांतरे त्याने करविली. ज्याला वाचता येत नाही तो ऐकून किती शिकू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

जुलै १५५५ मध्ये हुमायूनने दिल्ली परत मिळविली, परंतु जानेवारी १५५६ मध्ये ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून त्याचा अंत झाला. १४ फेब्रुवारी १५५६ रोजी पंजाबमधील कलानौर येथे विटांच्या एका साध्या चौथऱ्यावर अकबराचा राज्याभिषेक झाला. वय वर्षे अवघे तेरा. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला पानिपतच्या रणभूमीवर हेमूशी गाठ पडली. हा हेमू मूळचा रेवाडीच्या बाजारपेठेतील व्यापारी. स्वकर्तृत्वाने सेनापती झाला आणि दिल्ली जिंकून विक्रमादित्य म्हणून सिंहासनावर बसला. युद्धात त्याची बाजू वरचढ असताना त्याच्या डोळ्यात बाण घुसला आणि पारडे फिरले. एका बाणाने हिंदुस्थानचे भवितव्य बदलले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सुरुवातीची चार वर्षे राज्यकारभार पालक बैरामखानाच्या हाती होता. १५६० मध्ये अकबराने त्याला दूर केले. त्यानंतर दाई माहम अनगा आणि तिचा पुत्र आदमखान यांचा काही काळ वरचष्मा राहिला. १५६२ मध्ये आदमखानाने वजिराचा भर राजवाड्यात खून केला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या बादशहाने त्याला गच्चीवरून खाली फेकून देण्याची शिक्षा दिली. त्या दिवसापासून राज्य खऱ्या अर्थाने त्याचे झाले.

एकाच वर्षाची दोन पाने

आता खतावणीकडे वळू. १५६२ मध्ये अकबराने आंबेरच्या राजा भारमल यांच्या कन्येशी विवाह केला आणि युद्धात पकडलेल्यांना, त्यांच्या बायकामुलांना गुलाम करण्याची प्रथा बंद केली. १५६३ मध्ये हिंदू तीर्थक्षेत्रांवरील यात्राकर उठविला. १५६४ मध्ये बिगरमुसलमान प्रजेवरील जिझिया कर माफ केला. ही सर्व जमेची बाजू. एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाने, कुणाचाही दबाव नसताना, राज्याच्या तिजोरीत येणारा पैसा स्वतःहून सोडला. ज्याने कधी दुकान चालविले आहे त्याला येणे असलेली रक्कम सोडून देणे किती कठीण असते हे सांगावे लागत नाही.

पण त्याच १५६४ सालची दुसरी नोंदही वाचली पाहिजे. आजच्या जबलपूरच्या परिसरात गढा-मंडल्याचे संपन्न गोंड राज्य होते. महोब्याच्या चंदेल घराण्यात जन्मलेली दुर्गावती ही राजा दलपतशहाची राणी. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्र वीरनारायण याच्या नावाने ती पंधरा-सोळा वर्षे उत्तम राज्य करीत होती. तिने मोगलांची कोणतीही आगळीक केली नव्हती. तिची संपत्ती हाच तिचा अपराध ठरला. अकबराचा सरदार आसफखान मोठे सैन्य घेऊन चालून आला. नरई येथील लढाईत राणी स्वतः हत्तीवर बसून लढली. बाणांनी घायाळ झाल्यावर, शत्रूच्या हाती सापडण्यापेक्षा तिने २४ जून १५६४ रोजी स्वतःच्या हाताने देह संपविला. पुढे चौरागड पडला, वीरनारायण मारला गेला, किल्ल्यातील स्त्रियांनी जोहार केला. आसफखानाने अगणित लूट मिळविली आणि तिच्यातील मोठा भाग स्वतःच दडवून ठेवला.

जिझिया माफ करणारा हात आणि दुर्गावतीचे राज्य बुडविणारा हात एकाच मनुष्याचा होता, तेही एकाच वर्षात. आपल्या भागातील गोंड बांधव राणी दुर्गावतीचे स्मरण आजही मोठ्या आदराने करतात. त्यांच्या भावनेला बाजूला सारून अकबराचे चरित्र पूर्ण होऊ शकत नाही.

याहून मोठी नोंद चितोडची. ऑक्टोबर १५६७ मध्ये सुरू झालेला वेढा फेब्रुवारी १५६८ पर्यंत चालला. जयमल आणि पत्ता हे वीर लढता लढता पडले. स्त्रियांनी जोहाराची आग जवळ केली. किल्ला पडल्यानंतर आत आश्रयाला आलेल्या व लढाईत मदत केलेल्या शेतकरी लोकांची सरसकट कत्तल करण्याचा हुकूम अकबराने दिला. मृतांचा आकडा सुमारे ३०,००० होता आणि तो कुणा विरोधकाने नव्हे तर बादशहाच्याच दरबारी इतिहासकाराने, अबुल फजलने, नोंदविला आहे. त्या वेळी अकबराला पश्चात्ताप झाला नाही. उलट या विजयाचे अभिमानाने भरलेले जाहीरनामे त्याने पाठविले. पुढे आग्र्याच्या किल्ल्याच्या दारी जयमल आणि पत्ता यांचे हत्तीवर आरूढ झालेले पुतळे त्याने उभारले. ती त्यांच्या शौर्याला दिलेली दाद होती असे काही जण मानतात, काही जण तसे मानत नाहीत.

गज, जरीब आणि शाल

माझ्या व्यवसायाच्या अंगाने थोडे लिहिण्याचा मोह आवरत नाही. अकबराच्या आधी निरनिराळ्या प्रांतांत, इतकेच नव्हे तर निरनिराळ्या कामांसाठीही, वेगवेगळ्या लांबीचे गज वापरले जात. कापड मोजण्याचा एक, जमीन मोजण्याचा दुसरा. जिथे माप दोन असतात तिथे लबाडीला वाव असतो, हे आम्हा व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. अकबराने ४१ अंगुळांचा इलाही गज ठरविला आणि सर्व कामांसाठी तोच चालू केला. आजच्या हिशेबाने तो सुमारे ३३ इंचांचा मानला जातो.

जमीन मोजण्यासाठी पूर्वी तागाची दोरी वापरीत. दोरी ओली झाली की आखडते आणि कोरडी झाली की सैल पडते. त्यामुळे सकाळी दवात मोजलेले शेत आणि दुपारी उन्हात मोजलेले शेत यांत फरक पडे, आणि तोटा सहसा कुळाच्या वाट्याला येई. अकबराच्या काळात लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आली आणि हा घोटाळा थांबला. ६० गज लांब आणि ६० गज रुंद जमिनीचा एक बिघा ठरला. राजा तोडरमलच्या देखरेखीखाली १५८० मध्ये दहा वर्षांच्या पिकांची आणि भावांची सरासरी काढून सारा निश्चित करण्याची पद्धत अमलात आली. सरासरी उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग सरकारचा. तो रोख रकमेत भरावयाचा. हा वाटा हलका होता असे म्हणता येणार नाही, परंतु किती द्यायचे हे कुळाला आधी कळू लागले, ही मोठी गोष्ट होती.

कापडाची त्याला विलक्षण आवड होती. लाहोर, आग्रा, फत्तेपूर आणि अहमदाबाद येथे त्याचे कारखाने होते. काश्मिरी शालीला त्याने परमनरम असे देशी नाव दिले आणि शाल दुहेरी करून पांघरण्याची रीत रूढ केली. त्याच्या काळातील कापडांची नावे आणि किमती आईन-इ-अकबरीत तपशीलवार दिल्या आहेत. चारशे वर्षांपूर्वीचे ते दरपत्रक वाचताना कापडाच्या व्यापाऱ्याला आपल्याच पेढीची जुनी वही उघडल्यासारखे वाटते.

चांद्याची नोंद

याच आईन-इ-अकबरीत आपल्या चांद्याचाही उल्लेख आहे. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याचा गोंड राजा येतो. इतिहासकार त्याला बाबाजी बल्लाळशहा मानतात. त्याच्याजवळ घोडदळ आणि ४०,००० पायदळ होते अशी नोंद आहे. त्याच्या मुलखाजवळच्या वैरागड येथील हिऱ्याच्या खाणीचाही तेथे निर्देश आहे. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात आहे आणि तेथील किल्ल्याचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. माणिकदुर्ग, म्हणजे आपला माणिकगड, हेही वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे नाव होते.

मोगलांची दक्षिण मोहीम आपल्या उंबरठ्यापर्यंत आली होती. १५९५ अखेर शहजादा मुराद आणि खानखानान यांनी अहमदनगरला वेढा घातला. चांदबिबीने पराक्रमाने किल्ला राखला, पण १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. मुराद १५९९ मध्ये दक्षिणेतच अतिमद्यपानाने मरण पावला. १६०० मध्ये चांदबिबी स्वकीयांच्याच हातून मारली गेली आणि अहमदनगर पडले. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड हाती आला. ही अकबराची शेवटची मोठी मोहीम. चांदा मात्र त्याच्या हयातीत घनदाट अरण्याच्या आणि आपल्या परकोटाच्या आधाराने स्वतःच्या राजांकडेच राहिले. मोगल फौजेची खरी झळ चांद्याला पुढे औरंगजेबाच्या काळात, १६६७ मध्ये दिलेरखान आला तेव्हा लागली. जटपुरा दरवाजातून रोज ये-जा करताना, या भिंतीपलीकडे वऱ्हाडात एकेकाळी अकबराचा अंमल होता, हे आता मला आवर्जून आठवते.

भेऱ्याची शिकार

अकबराचे मन कधी पालटू लागले, हे नेमके सांगणे कठीण आहे. परंतु १५७८ सालची एक घटना सर्व चरित्रकार महत्त्वाची मानतात. पंजाबात झेलम नदीकाठी भेरा येथे प्रचंड शिकारीची योजना झाली होती. हजारो हाकारे अनेक मैलांचे कडे करून कित्येक दिवस जनावरांना एका रिंगणात आणीत होते. रिंगण पूर्ण होत आले, आता बादशहाने बाण सोडायचा एवढेच उरले. त्याच क्षणी अकबराच्या मनात काहीतरी हलले. त्याने शिकार थांबविली. एकाही प्राण्याला, पाखराला इजा न करता सर्वांना मोकळे सोडण्याचा हुकूम दिला. आपल्या ताडोब्याच्या जंगलात पूर्वीचे हाके ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहेत, त्यांना अशा रिंगणातून सर्व जनावरे जिवंत परत जाणे ही केवढी मोठी गोष्ट होती हे समजेल.

त्याआधीच १५७५ मध्ये त्याने फत्तेपूर सिक्री येथे इबादतखाना बांधला होता. प्रारंभी तेथे केवळ मुसलमान विद्वानांची चर्चा होई. त्यांच्यातील भांडणे पाहून बादशहा खिन्न झाला आणि त्याने इतर धर्मांसाठीही दार उघडले. ब्राह्मण पंडित, नवसारीचे पारशी दस्तूर मेहेरजी राणा, १५८० मध्ये गोव्याहून आलेले ख्रिस्ती पाद्री, असे सर्व जण तेथे आले. सर्व धर्मांशी सलोखा, म्हणजे सुलह-इ-कुल, हे पुढे त्याच्या राज्याचे धोरण ठरले.

जगद्गुरूंची भेट

आता मुख्य विषय. तपागच्छाचे आचार्य श्री हीरविजयसूरीश्वरजी यांचा जन्म पालनपूर येथे वि. सं. १५८३ मध्ये झाला. त्यांच्या कीर्तीची वार्ता अकबराच्या कानी गेली. चंपा नावाच्या श्राविकेने सहा महिन्यांचा उपवास केला, तिची मिरवणूक बादशहाने पाहिली, तिने आपल्या गुरूंचे नाव सांगितले, अशी कथा आपल्या परंपरेत प्रसिद्ध आहे. बादशहाने गुजरातचा सुभेदार शहाबुद्दीन अहमदखान याला फर्मान पाठविले. आचार्यश्री त्या वेळी खंभातच्या आखाताजवळील गंधार येथे होते. जाण्यात धोका आहे असे अनेक श्रावकांचे मत पडले. परंतु धर्मप्रभावनेची संधी ओळखून त्यांनी निमंत्रण स्वीकारले. सुभेदाराने देऊ केलेले हत्ती, घोडे, द्रव्य त्यांनी नम्रपणे नाकारले आणि साधूच्या आचाराप्रमाणे अनवाणी पायी विहार करीत, कित्येक महिन्यांनी, वि. सं. १६३९ च्या ज्येष्ठात, म्हणजे जून १५८३ मध्ये, ते फत्तेपूर सिक्रीला पोहोचले.

स्वागताची व्यवस्था अबुल फजलकडे होती. दालनात अंथरलेल्या गालिच्यावर पाऊल ठेवण्यास आचार्यश्रींनी नकार दिला, कारण खाली जीवजंतू असू शकतात. गालिचा उचलून पाहिला तेव्हा खरोखरच मुंग्या निघाल्या, असे परंपरा सांगते. बादशहाने ग्रंथांचा संग्रह भेट देऊ केला तोही त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही. काय हवे असे विचारल्यावर त्यांनी मागितले ते बंदिवानांची सुटका, पिंजऱ्यातील पक्ष्यांची मुक्ती आणि पर्युषणात जीवहत्येला बंदी.

एका निरिच्छ माणसापुढे सत्ता किती दुबळी होते, हे येथे दिसते. ज्याला काहीच नको त्याला विकत घेता येत नाही. अकबराने पर्युषणाचे आठ दिवस मागितले असता आपल्याकडून चार दिवस जोडून बारा दिवसांची अमारी घोषित केली. फत्तेपूरच्या मोठ्या तलावातील मासेमारी बंद झाली. १५८४ मध्ये आचार्यश्रींना जगद्गुरू ही पदवी देण्यात आली. आचार्यश्री गुजरातला परतल्यावर उपाध्याय शांतिचंद्रजी, नंतर भानुचंद्रजी आणि त्यांचे शिष्य सिद्धिचंद्रजी दरबारात राहिले. शत्रुंजय तीर्थावरील यात्राकर माफ झाला. लाहोर येथे १५९२ च्या सुमारास खरतरगच्छाचे आचार्य श्री जिनचंद्रसूरीजी आले, त्यांना युगप्रधान पद मिळाले आणि आषाढातील दिवसांच्या अमारीचे फर्मान निघाले. पुढे श्री विजयसेनसूरीजीही लाहोरला गेले. आईन-इ-अकबरीतील विद्वानांच्या यादीत हीरविजयसूरी, विजयसेनसूरी आणि भानुचंद्र यांची नावे आहेत. त्यामुळे ही केवळ आपल्या भक्तांची कथा नसून दरबारानेही नोंदविलेली वस्तुस्थिती आहे. आचार्यश्री १५९५ मध्ये सौराष्ट्रातील उना येथे कालधर्म पावले.

अमारीची मर्यादा

येथे थांबून प्रामाणिकपणे विचार करावयास हवा. अकबर जैन झाला होता, असे उत्साहाच्या भरात कधी कधी लिहिले जाते. ते खरे नाही. त्याने शिकार आणि मांसाहार पुष्कळ कमी केला, वर्षातील अनेक दिवस मांस वर्ज्य केले. परंतु युद्धे थांबली नाहीत. १५८६ मध्ये काश्मीर, १५९१ मध्ये सिंध, १५९२ मध्ये ओरिसा, १५९५ मध्ये कंदाहार, मग दक्षिण. पर्युषणात कोंबडीला अभय होते, पण रणांगणावरील सैनिकाला नव्हते.

हे वाचून माझ्या मनात प्रथम उपहास आला. बारा दिवसांची अहिंसा ती काय, असे वाटले. मग माझ्याच दुकानाकडे नजर गेली. आमच्या पेढीवर वडिलांच्या काळापासून कोशाचे कापड विकले जाते. आपल्या भागातील ढिवर बांधव जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतात, आरमोरीकडचे विणकर अप्रतिम वस्त्र विणतात. हजारो कुटुंबांचा त्यावर उदरनिर्वाह आहे. पण तो धागा निघतो कसा, हे मला ठाऊक आहे. कोष उकळत्या पाण्यात टाकतात आणि आतील जीव मरतो. मी पर्युषणात कोशाचे कपाट बंद ठेवतो आणि संवत्सरी झाली की उघडतो. माझी अमारी आठ दिवसांची. अकबराची बारा दिवसांची होती. त्याला हसण्याचा मला अधिकार नाही.

मला वाटते, जगद्गुरूंना हे सर्व ज्ञात होते. बादशहा एका भेटीत वीतराग होणार नाही, हे त्यांना कळत नव्हते असे कसे म्हणावे? तरीही ते शेकडो कोस अनवाणी चालत गेले. जेवढे दिवस मिळाले तेवढे घेतले. बारा दिवसांत वाचलेल्या जीवाला त्याचे आयुष्य पुरते मिळाले, त्याच्या दृष्टीने ती अमारी अपुरी नव्हती.

अखेरचे दिवस

सम्राटाची शेवटची वर्षे दुःखात गेली. ज्येष्ठ पुत्र सलीमने बंड केले. १६०२ मध्ये सलीमच्या चिथावणीने वीरसिंह बुंदेल्याने अबुल फजलचा वध केला. धाकटा पुत्र दानियाल बुऱ्हाणपूर येथे मद्याच्या पायी गेला. २७ ऑक्टोबर १६०५ रोजी आग्र्यास अकबराचा मृत्यू झाला. सिकंदरा येथे त्याची कबर आहे. जवळजवळ पन्नास वर्षांचे राज्य संपले.

त्या दिवसांचे चित्र एका जैन व्यापाऱ्याने आपल्यासाठी लिहून ठेवले आहे. कवी बनारसीदास हे जौनपूरचे श्रीमाळ जैन, जन्म १५८६. अर्धकथानक या आत्मचरित्रात त्यांनी सांगितले आहे की, बादशहाच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा ते घराच्या जिन्यावर बसले होते. धक्क्याने मूर्च्छा येऊन ते खाली पडले आणि डोके फुटले. शहरात घबराट पसरली. दुकाने बंद झाली. लोकांनी दागिने जमिनीत पुरले, उंची वस्त्रे लपवून जाडीभरडी घातली. काही दिवसांनी आग्र्याहून जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आले तेव्हा कुठे बाजार उघडला. एका बादशहाच्या मृत्यूने दूरच्या गावातील व्यापाऱ्याचे पोरगे जिन्यावरून कोसळावे, याहून प्रजेच्या विश्वासाची दुसरी कोणती साक्ष हवी? तो विश्वास चितोडच्या लोकांना वाटला नसता, हेही तितकेच खरे.

पुढे औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला. त्याविरुद्ध छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पत्रात अकबराच्या सर्वधर्मसमभावाचा दाखला दिला आहे आणि त्यामुळे तो जगद्गुरू म्हणून ओळखला गेला असे म्हटले आहे. ज्या पदवीने अकबराने एका साधूला गौरविले, तीच पदवी शतकाच्या आत त्याच्या नावापुढे लागली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद येथे पर्युषणात कत्तलखाने बंद ठेवण्याचा निर्णय वैध ठरविताना अकबराचाच दाखला दिला. एका अनवाणी साधूला मिळालेल्या बारा दिवसांचा प्रवास असा दूरवर आला आहे.

समारोप

आता त्या ज्येष्ठ सदस्यांच्या प्रश्नाचे उत्तर. हिशेबशास्त्रात शिकलो त्याप्रमाणे जमेची नोंद नावेची नोंद पुसून टाकत नाही. वहीत दोन्ही राहतात. राणी दुर्गावती आणि चितोडचे तीस हजार लोक एका पानावर, जिझियामाफी, इलाही गज आणि अमारी दुसऱ्या पानावर. त्यांची वजाबाकी करून एक आकडा काढणे हे आपल्या हातचे नाही. प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात, हा अनेकांतवाद आपल्या धर्माने जगाला दिला. तो अकबराला लावताना आपण कचरू नये, आणि दोषांवर पांघरूणही घालू नये.

तेव्हा हा लेख अकबराच्या गौरवासाठी आहे असे मी म्हणणार नाही. गौरव आहे तो त्या आचार्यांचा, ज्यांनी रक्ताने माखलेल्या हातांतूनही पक्ष्यांची सुटका मागून घेतली. आणि थोडा त्या बादशहाचा, ज्याने ती मागणी ऐकून घेतली.

लेख लिहून झाल्यावर मी तो त्या सदस्यांना वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि राणी दुर्गावतीचा मजकूर कमी करू नका, एवढेच सांगितले. तो कमी केलेला नाही.

या लेखात माझ्या अल्पज्ञानामुळे काही न्यूनाधिक लिहिले गेले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, सर्वांना अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.